मोहीम मांडताना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

टेबलाभोवती बसून पात्रे घेऊन खेळायच्या खेळांविषयी, म्हणजे टेबलटॉप रोलप्लेइंग गेमविषयी आलेल्या पत्रांतून या वेळी पाच पत्रे निवडली आहेत. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, एक जण सूत्रधार होतो आणि बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार परिस्थिती सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात आणि जे घडेल की नाही याची खात्री नसेल त्याचा निर्णय फासे टाकून होतो. तीच पात्रे घेऊन अनेक बैठका चालणाऱ्या खेळाला ‘कॅम्पेन’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘मोहीम’ हा शब्द आयताच आहे.

प्रश्न: आम्ही सहा जण दर पंधरवड्याच्या रविवारी जमतो. मी सूत्रधार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या निधनानंतरच्या कोकण किनाऱ्यावर, १७२९ सालात, मोहीम घडवावी म्हणून मी चार महिने खपून साठ पानांची वही लिहिली. पहिल्या बैठकीत पात्रांनी एका गलबतावर चढून विजयदुर्गाकडे निघावे अशी योजना होती. रेवदंड्याच्या खाडीवरील जकातीच्या ठाण्यावर मी केवळ प्रसंगात रंग भरावा म्हणून एक कारकून ठेवला होता. खेळाडूंनी त्यालाच धरले, त्याच्या हिशेबातली अफरातफर शोधायला घेतली आणि तेवढ्यात गलबत निघून गेले. सगळे खुशीत घरी गेले, मी मात्र वहीकडे पाहत बसलो. गलबताची चाळीस पाने वाया गेली. चूक कोठे झाली?
एक वाचक, नाशिक

उत्तर: सगळे खुशीत घरी गेले, हे आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे आणि ते आपण ओझरते लिहिले आहे. आपली बैठक चांगली झाली. वहीशी तिचा मेळ बसला नाही, एवढेच.

या खेळाचा उगमच अशा एका ‘फसलेल्या’ बैठकीत आहे. १९६९ साली अमेरिकेतील मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत डेव्हिड वेसली यांनी नेपोलियनच्या काळातील एक युद्धखेळ मांडला. दोन सेना समोरासमोर लढवायच्या, हा अशा खेळांचा रिवाज होता. वेसली यांनी मात्र ब्राउनश्टाइन नावाच्या एका काल्पनिक जर्मन गावातला एकेक माणूस प्रत्येक खेळाडूला नेमून दिला आणि प्रत्येकाला त्याचा स्वतःचा हेतूही दिला. लढाईला तोंड फुटण्याआधीच खेळाडू एकमेकांना बाजूला घेऊन कुजबुजू लागले, कट रचू लागले आणि नियोजित लढाई राहूनच गेली. आपला प्रयोग साफ फसला असे वेसली यांना वाटले. खेळाडू मात्र पुन्हा कधी खेळायचे, असे विचारू लागले. त्या मंडळींतले डेव्ह आर्नेसन यांनी पुढे ‘ब्लॅकमूर’ ही मोहीम चालवली, आणि आर्नेसन व गॅरी गायगॅक्स यांनी मिळून १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. आपला कारकून या परंपरेत अगदी चपखल बसतो.

आता त्या कारकुनाकडे नीट पाहू. खेळाडूंनी गलबत सोडून त्याला का धरले असेल? गलबताकडे त्यांना काही करण्यासारखे नव्हते, केवळ चढून बसायचे होते. कारकुनाजवळ मात्र लपवण्यासारखे काहीतरी आहे असा त्यांना वास आला. माणसाला काहीतरी हवे असते, कशाची तरी भीती असते आणि त्यामुळेच त्याच्याशी बोलता येते, त्याला गाठता येते, फसवता किंवा वाचवता येते. म्हणून वहीत पुढे काय घडणार हे लिहून ठेवण्यापेक्षा कोणाला काय हवे आहे हे लिहावे, असे मी प्रत्येक नव्या सूत्रधाराला कळकळीने सांगत असतो. घटना लिहिल्या की खेळाडूंनी त्या मोडू नयेत याची चिंता लागते. माणसे लिहिली की खेळाडू कोणत्याही वाटेने गेले तरी ती माणसे तेथे भेटतात.

आपण निवडलेला काळ यासाठी फार समृद्ध आहे. १७२९ मध्ये कान्होजी गेले आणि त्यांचे पुत्र सेखोजी सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, झाले. १७३३ मध्ये सेखोजीही गेले, संभाजी आणि मानाजी या भावांत वितुष्ट आले आणि १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांनी कुलाब्यास मानाजी व विजयदुर्गास संभाजी अशी विभागणी करून दिली. याच किनाऱ्यावर जंजिऱ्यास सिद्दी, रेवदंड्यास पोर्तुगीज आणि मुंबईस इंग्रज आहेत. वहीचे एक कोरे पान घ्यावे आणि या प्रत्येक सत्तेसाठी तीनच ओळी लिहाव्यात: तिला काय हवे आहे, तिला कशाची धास्ती आहे, आणि कोणी आडवे आले नाही तर येत्या दोन महिन्यांत ती काय करील. तिसरी ओळ सर्वांत उपयोगी पडते. तिच्यासाठी कडेला एक वर्तुळ काढून त्याचे चार किंवा सहा भाग करावेत, आणि खेळाडू दुसरीकडे गुंतले असताना जसजसा तो बेत पुढे सरकेल तसतसा एकेक भाग काळा करत जावा. जॉन हार्पर यांच्या २०१७ च्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ या खेळात या वर्तुळांना घड्याळे म्हटले आहे. मला ती कोणत्याही नियमावलीच्या खेळात वापरण्याजोगी वाटतात, कारण आपण गेलो नाही तेथेही जग चालू होते हे खेळाडूंना त्यातून जाणवते.

इतिहासातल्या मोठ्या घटनांचे काय करायचे, हे आपण विचारलेले नाही, पण तो प्रश्न आपल्याला लवकरच भेडसावेल. माझे मत असे की थोरामोठ्यांना शक्यतो पडद्याआड ठेवावे. सेखोजींचा हुकूम यावा, त्यांच्या नावाचा दरारा असावा, पण खेळाडूंनी बोलायचे ते तांडेलाशी, नाखव्याशी, ठाण्यावरच्या हवालदाराशी आणि कारकुनाशी. या लहान माणसांचे पुढे काय झाले हे कोठेही नोंदलेले नसल्याने त्यांचे भवितव्य पूर्णपणे आपल्या टेबलावर ठरू शकते. भावाभावांतली फूट इतिहासाप्रमाणे पडेल. पण ती पडली तेव्हा आपला कारकून कोणाच्या बाजूला होता, हे खेळाडूच ठरवतील.

गलबताची चाळीस पाने वाया गेली असे आपण म्हणता. गलबत समुद्रावर निघते तेव्हा त्याच्याजवळ आंग्र्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, असावा लागतो आणि दस्तक नसलेले जहाज पकडले जाऊ शकते, हे आपल्याला ठाऊक आहेच. मग त्या गलबताचा दस्तक कोणी लिहिला? याच कारकुनाने लिहिला असे ठरवा. त्यात माल लिहिला आहे नारळ आणि मीठ, आणि जकातही तेवढ्याचीच भरलेली आहे. प्रत्यक्षात खाली काय होते ते आपल्या वहीत आहेच. खेळाडू हिशेब उलगडत जातील तसे ते आपणहून त्या गलबताच्या मागे लागतील, आणि आपण दारातून आणलेली गोष्ट ते खिडकीतून आत घेतील. कारकुनाला या खोट्या नोंदीसाठी पैसे कोणी दिले, एवढेच आपल्याला नव्याने ठरवावे लागेल.

येथे एक सावधगिरी घ्यावी. खेळाडूंना जे कळल्यावाचून गाडी पुढे सरकणार नाही, ते एकाच पुराव्यावर टांगून ठेवू नये. जस्टिन अलेक्झांडर यांनी यासाठी मांडलेला नियम सोपा आहे: खेळाडूंनी जो निष्कर्ष काढावा असे वाटते, त्याच्याकडे नेणारे निदान तीन धागे पेरून ठेवावेत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये मध्यम कठीण कामाला फाशावरचा आकडा आणि पात्राच्या कौशल्याची जोड मिळून १५ हा आकडा गाठावा लागतो. पात्राला त्या कामात ५ ची जोड असेल, तर वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा अधिक पडायला हवेत, म्हणजे यशाची शक्यता ५५ टक्के. एकच धागा असेल तर तो हातून निसटण्याची शक्यता ४५ टक्के उरते. असे तीन धागे असले तर तिन्ही निसटण्याची शक्यता सुमारे ९ टक्क्यांवर येते. आपल्या बाबतीत खोटी नोंद वहीत सापडू शकते, माल चढवणाऱ्या हमालाला त्या ‘मिठाच्या’ गोण्यांचे वजन विचित्र वाटले असू शकते आणि कारकुनाच्या घरी त्याच्या ऐपतीबाहेरची एखादी वस्तू दिसू शकते. आणि जो पुरावा सापडलाच पाहिजे त्यासाठी फासे टाकायला लावूच नयेत. पात्राने योग्य ठिकाणी हात घातला की तो मिळावा.

आणखी एक गोष्ट सांगतो. आपल्या मोहिमेत समुद्र आहे, आणि समुद्राला स्वतःचे वेळापत्रक असते. पावसाळ्यात ही लहान गलबते किनाऱ्याला लागतात आणि नारळी पौर्णिमेनंतर दर्या पुन्हा खुला होतो. म्हणजे मोहिमेला वर्षातून एक मुदत आपोआप मिळते आणि त्यासाठी एकही काल्पनिक संकट रचावे लागत नाही. भरती-ओहोटीचेही तसेच आहे. अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. कोकणात तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अदमासे वेळ निघते. समजा, खेळाडूंना वद्य अष्टमीच्या रात्री चोरून किल्ल्यात शिरायचे आहे. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि मध्यरात्रीच्या सुमारास ओहोटी. वेळ सोयीची आहे. पण वद्य अष्टमीचा चंद्रही मध्यरात्रीच्या सुमारासच उगवतो, म्हणजे परततानाचा अंधार गेला. शिवाय अष्टमीची ओहोटी भांगाची, तिला उधाणाइतके पाणी उतरत नाही. मग अमावास्येपर्यंत थांबावे का? त्या रात्री चंद्र नाही आणि उधाणाची ओहोटी असल्याने वाळूही उघडी पडेल, पण पाणी उतरायला पहाटेचे पाच वाजतील आणि परतेपर्यंत उजाडेल. माझ्या टेबलावर हा एवढा हिशेब खेळाडूंनी पाऊण तास घातला आणि त्या पाऊण तासात मला एकही वाक्य बोलावे लागले नाही. मी फक्त पंचांग समोर ठेवले होते.

राहता राहिला तयारीच्या वेळेचा प्रश्न. बैठक संपताना, लोक चपला घालू लागण्याआधी, खेळाडूंना विचारावे की पुढच्या वेळी आपण कोठे जाणार आहात. उत्तर मिळेपर्यंत उठू देऊ नये. मग पंधरा दिवसांत फक्त तेवढ्याच ठिकाणाची तयारी करावी लागते: तेथे भेटणारी तीन-चार माणसे, त्यांच्या हव्या-नकोच्या ओळी, सुरुवातीचा एक प्रसंग, पेरायचे धागे आणि ऐनवेळी लागणाऱ्या नावांची एक यादी. यास तास-दीड तास पुरतो. नावांची यादी क्षुल्लक वाटेल, पण नाव सुचेना म्हणून सूत्रधार अडखळला की तो माणूस महत्त्वाचा नाही हे खेळाडू त्याच क्षणी ओळखतात.

प्रश्न: पहिल्या बैठकीआधी सर्वांनी एकदा नुसते बोलण्यासाठी जमावे, असे सुचवले जाते. आमच्या गटाला हा वेळेचा अपव्यय वाटतो. आम्ही सगळे शाळेपासूनचे मित्र आहोत. याची खरोखर गरज आहे का?
एक वाचिका, पुणे

उत्तर: आहे, आणि जुन्या मित्रांना ती अधिक आहे, कारण एकमेकांना काय चालते हे आपल्याला ठाऊक आहे असे ते गृहीत धरतात. या पूर्वबैठकीला खेळाडूंच्या बोलीत ‘सेशन झीरो’ म्हणतात. तिच्यात ठरवायच्या गोष्टी थोड्याच आहेत. किती दिवसांनी भेटायचे, किती महिने चालवायचे, खेळाचा सूर गंभीर ठेवायचा की साहसाचा, पात्रे मरू शकतील का, हे मुद्दे अर्ध्या तासात संपतात.

खरा वेळ दोन गोष्टींना द्यावा. पहिली म्हणजे पात्रांची गाठ. प्रत्येकाने घरी बसून स्वतंत्रपणे पात्र तयार केले की पहिल्या बैठकीत पाच अनोळखी माणसे एका धर्मशाळेत बसलेली असतात आणि ती एकत्र का राहावीत याचे कारण शोधण्यातच सूत्रधाराची दमछाक होते. पात्रे एकत्र बसून करावीत. प्रत्येकाने दुसऱ्या दोन पात्रांशी आपले काय नाते आहे ते सांगावे: कोणी कोणाचे देणे लागतो, कोणी कोणाला बुडताना वाचवले, कोणी कोणाच्या बहिणीशी लग्न केले. मी आणखी एक प्रश्न विचारतो: या प्रदेशात तुमच्या पात्राला पाहून कोण आनंदेल आणि कोण दार लावून घेईल? दहा उत्तरे मिळतात आणि पहिल्या महिन्याची निम्मी माणसे खेळाडूंनीच आपल्या हाती दिलेली असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे मर्यादा. रॉन एडवर्ड्स यांनी यासाठी ‘रेषा’ आणि ‘पडदा’ असे दोन शब्द रूढ केले. जे आपल्या खेळात येणारच नाही ती रेषा. जे घडू शकते पण ज्याचे वर्णन होणार नाही, त्यावर पडदा. जॉन स्टॅव्हरोपूलोस यांनी २०१३ मध्ये मांडलेली युक्ती त्याहून साधी आहे. फुली मारलेले एक कार्ड टेबलाच्या मध्यभागी ठेवायचे. एखादा प्रसंग कोणालाही असह्य झाला तर त्याने कार्डाला हात लावायचा, आणि कारण न विचारता तो प्रसंग वगळून पुढे जायचे. कारण न विचारणे हाच तिचा प्राण आहे.

ऐतिहासिक मोहीम खेळणाऱ्या मराठी गटांनी येथे अधिक सजग राहावे, असे मला फार मनापासून वाटते. अठराव्या शतकातल्या समाजात जातीवरून होणारा अपमान होता, गुलामांचा व्यापार होता, स्त्रियांवर अत्याचार होते. हे सर्व खरे असले तरी टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एखाद्याच्या घरातली ती जिवंत आठवण असू शकते. अशा गोष्टी प्रसंगात रंगत यावी म्हणून वापरू नयेत. गटाने त्या आणायच्या ठरवल्या, तर त्यांचे वजन पेलायची तयारी ठेवून आणाव्यात. सिद्दी, पोर्तुगीज किंवा इंग्रज यांना केवळ राक्षस म्हणून उभे करण्याचा मोहही टाळावा. सिद्दी समाज आजही आपल्या शेजारी राहतो, आणि ज्याला फक्त मारायचे असते अशा शत्रूपेक्षा ज्याच्याशी तह करता येतो असा शत्रू खेळाला कितीतरी अधिक देऊन जातो.

प्रश्न: वीस बाजूंचा फासा आमच्या गावात मिळत नाही. सहा बाजूंच्या साध्या फाशांवर काम भागेल का? आणि नियमांची महागडी पुस्तके घ्यावीच लागतात का?
एक विद्यार्थी, लातूर

उत्तर: तीन साधे फासे एकत्र टाकून येणारी बेरीज घेतली तरी खेळ उत्तम चालतो, फक्त त्याची चव बदलते. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकडा वीसात एकदा येतो, त्यामुळे २० पडण्याचा चमत्कार वारंवार घडतो. तीन फाशांच्या २१६ शक्यतांपैकी १० आणि ११ या बेरजा प्रत्येकी २७ वेळा येतात आणि १८ एकदाच. म्हणजे तरबेज माणूस सहसा चुकत नाही आणि नवखा सहसा जिंकत नाही. हेरगिरीच्या किंवा व्यापाराच्या मोहिमेला मला ही पद्धत अधिक जवळची वाटते.

पुस्तकांविषयी: ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीच्या मूलभूत नियमांचा मजकूर जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला करण्यात आला. मूळ श्रेय नमूद करून तो कोणालाही वापरता, बदलता आणि अनुवादित करता येतो. आपल्या गटाने त्यातली लागतील तेवढी दहा-बारा पाने मराठीत उतरवून घ्यावीत. ते काम करताना नियम जितके पक्के होतात तितके नुसत्या वाचनाने होत नाहीत.

प्रश्न: आम्ही घरी मराठी बोलतो, पण खेळायला बसलो की आपोआप इंग्रजीवर जातो. मराठीत सुरुवात केली तर सगळे अवघडतात आणि हसू येते. मराठीत मोहीम चालवणे शक्य आहे का, की हा हट्ट सोडून द्यावा?
एक वाचिका, ठाणे

उत्तर: हट्ट सोडू नये. हसू पहिल्या दोन बैठका येते, मग थांबते. ते येण्याचे एक कारण असे की आपण इंग्रजी वर्णनाचा साचा मनात ठेवून मराठी बोलू लागतो. ‘तुम्ही एक दरवाजा पाहता’ असे मराठी माणूस कधीच म्हणत नाही. ‘समोर दार आहे. कडी आतून लावलेली. फटीतून दिव्याचा उजेड येतोय.’ असे तो म्हणतो. कर्त्याला बाजूला ठेवून जे आहे ते समोर मांडायचे, ही मराठीची चाल सूत्रधाराने उचलली की अवघडलेपण निम्मे कमी होते.

सर्व शब्दांचे मराठीकरण करण्याच्या मागे लागू नये. पात्र किती मार सोसू शकते हे मोजणाऱ्या ‘एचपी’ला (हिट पॉइंट्स) एचपीच म्हणावे, जशी क्रिकेटमध्ये विकेटच पडते. जगातल्या वस्तूंना मात्र त्यांचे खरे नाव द्यावे. किनाऱ्यावरची मोहीम असेल तर गुराब, गलबत, मचवा, तांडेल, सुकाणू असे पाच-सहा शब्द नेमके वापरले की उरलेले वातावरण खेळाडू स्वतः उभे करतात.

पण मराठीत खेळण्याचा माझा आग्रह शब्दसंपत्तीमुळे नाही. आपली भाषा पात्राला गप्प राहूच देत नाही, यासाठी तो आहे. इंग्रजीत खेळाडू पहारेकऱ्याला ‘यू’ म्हणतो आणि सुटतो. मराठीत त्याला तोंड उघडताक्षणी ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरवावेच लागते, आणि ते ठरले की त्या दोघांतला मान, वय, धाक किंवा सलगी सगळे टेबलावर येते. माझ्या एका मोहिमेत एक खेळाडू ठाण्याच्या हवालदाराला सहा बैठका ‘तुम्ही’ म्हणत होता. सातव्या बैठकीत त्या हवालदाराने दगा दिल्याचे उघड झाले, आणि खेळाडू शांतपणे एवढेच म्हणाला, ‘तू जेवलास का रे?’ कोणीही फासे टाकले नव्हते, तरी टेबलावरच्या प्रत्येकाला कळले की आता काय होणार.

क्रियापदाच्या लिंगाचेही तसेच आहे. स्त्री-पात्र घेतलेला मुलगा ‘ती पुढे जाते’ असे म्हणत राहील तोवर ते पात्र त्याच्यापासून हातभर दूर असते. ज्या दिवशी तो सहज ‘मी पुढे जाते’ म्हणतो, त्या दिवशी ते त्याचे झालेले असते. बालगंधर्वांना डोळे भरून पाहणाऱ्या आपल्या समाजाला यात नवल वाटण्याचे कारण नाही, मात्र तरुण खेळाडूंना सुरुवातीला संकोच होतो, म्हणून सूत्रधाराने आधी स्वतः तसे बोलून दाखवावे. आणि ‘आम्ही’ व ‘आपण’ यांच्याकडे कान ठेवावा. पात्रे एकमेकांशी बोलताना ‘मी असे करतो, तू तसे कर’ म्हणत असतात. पुढे केव्हातरी ‘आपण असे करू’ ऐकू येते. ते ऐकू येईपर्यंत गटात फूट पाडणारा प्रसंग मी आणत नाही, कारण जे अजून जुळलेलेच नाही ते तुटल्याचे कोणाला दुःख होत नाही.

प्रश्न: आमच्या गटातला एक मित्र न्यू जर्सीला गेला आहे आणि व्हिडिओ कॉलवरून खेळतो. उरलेल्या चौघांतही दर वेळी कोणीतरी गैरहजर असतो. तीन बैठका रद्द झाल्या. मोहीम बंद पडेल अशी भीती वाटते.
एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: मोहिमा बहुधा अशाच बंद पडतात, म्हणून आपली भीती रास्त आहे. आधी वार आणि वेळ कायमची ठरवावी. दर वेळी ‘कधी जमेल’ असे विचारत बसलो की कधीच जमत नाही. रविवारी संध्याकाळी साडेसात ही वेळ न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळी दहाची आणि हिवाळ्यात सकाळी नऊची असते. तेथील घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, तेव्हा त्या दोन बैठकांच्या आधी मित्राला आठवण करावी, एरवी तो एक तास चुकणारच.

मग ठरवावे की पाच खेळाडूंपैकी तिघे आले तरी खेळ होईल. हे साधायचे तर मोहिमेची घडण थोडी बदलावी लागते. बेन रॉबिन्स यांनी ‘वेस्ट मार्चेस’ नावाच्या आपल्या मोहिमेत प्रत्येक बैठक गावातून सुरू करून गावातच परत आणायची, असा दंडक ठेवला होता. जो हजर असेल तो त्या दिवशीच्या फेरीला जायचा. आपणही प्रत्येक बैठक बंदरावर किंवा ठाण्यावर संपवावी. भुयाराच्या मध्यावर बैठक थांबवली की पुढच्या वेळी न आलेल्याचे पात्र तेथेच अडकून पडते.

बैठकीचा वृत्तान्त लिहिण्याचे काम आळीपाळीने खेळाडूंकडे द्यावे. माझ्या गटात त्याला बखर म्हणतात आणि ती पात्राच्या तोंडून लिहायची असते, त्यामुळे तीच घटना दर वेळी वेगळ्या नजरेने नोंदली जाते. गैरहजर खेळाडूच्या पात्राला मागे राहण्याचे काहीतरी काम द्यावे: होडी राखणे, आजाऱ्याजवळ बसणे, कारकुनावर नजर ठेवणे. बैठक झाल्यावर त्याला फोन करून दहा मिनिटांत विचारावे की त्याने त्या रात्री काय पाहिले. तो जे सांगेल ते खरे धरावे आणि पुढची बैठक त्याच्या त्या तीन-चार वाक्यांनी सुरू करावी. न्यू जर्सीच्या मित्रासाठी टेबलावरचा नकाशा दिसेल असा एक मोबाइल उभा करून ठेवावा आणि त्याचे फासे त्यालाच टाकू द्यावेत. आकडा काय पडला ते तो सांगेल, त्यावर विश्वास ठेवावा.